नोटिशीत ‘बौद्धिक संपदा’ लिहिलंय, पण नेमकी कोणती?

पत्र

नमस्कार ताई,

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. सहा वर्षं एका मसाला कारखान्यात कामाला होते. मिरची निवडणं, भाजणं, डंकावर कुटणं, पॅकिंग, सगळं केलं. शेवटी शेवटी तर प्रमाण मीच बघत होते. गेल्या वर्षी काम सोडलं आणि बचत गटातल्या आम्ही सात जणींनी मिळून स्वतःची कांदा-लसूण चटणी विकायला काढली. प्रमाण माझ्या सासूबाईंचं आहे, त्यात थोडं कारखान्यात शिकलेलं. चांगली चालली आहे.

गेल्या महिन्यात जुन्या मालकांच्या वकिलांची नोटीस व्हॉट्सॲपवर आली. त्यात लिहिलंय की मी त्यांच्या ‘बौद्धिक संपदेची चोरी’ केली. त्यांच्या गुप्त रेसिपीचं पेटंट आहे, नावाचा कॉपीराइट आहे, सात दिवसांत धंदा बंद करा आणि पाच लाख भरा, नाहीतर पोलिसात देऊ. त्यांचं नाव एका देवीचं आहे, आमचं त्याच देवीच्या दुसऱ्या नावाचं. कामाला लागताना मी शंभराच्या स्टँपवर सही केली होती की काम सोडल्यावर दोन वर्षं जिल्ह्यात हा धंदा करणार नाही.

खरं सांगते, पाकिटाचं डिझाइन त्यांच्याच प्रिंटरकडून करून घेतलं, तेही लाल आणि वर पिवळा पट्टा. सुरुवातीला जाहिरातीला वापरलेले फोटो मी कारखान्यासाठी माझ्या मोबाइलवर काढलेले होते. आणि दुकानदारांच्या नोंदवहीच्या काही पानांचे फोटो माझ्याकडे आहेत. पण मूळ भांडण रेसिपीचं आहे. घरचे म्हणतात बंद कर. एक एजंट म्हणतो पंचवीस हजार द्या, सगळ्याचं कॉपीराइट-पेटंट करून देतो. काय करू?

— एक वाचक

उत्तर

ताई, धंदा बंद करू नका आणि पाच लाखांचा विचारही मनात आणू नका. पण नोटीस आली म्हणून गप्प बसून राहणंही बरोबर नाही. उत्तर द्यायचं, लेखी द्यायचं, वकिलामार्फत द्यायचं. त्या उत्तरात काय असावं आणि ते देण्याआधी तुम्ही स्वतः काय दुरुस्त करायला हवं, ते सांगते. तुम्हाला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते तिथे मालकांची बाजू लंगडी आहे, आणि जे तुम्ही पत्राच्या शेवटी ओघात सांगून टाकलंत तिथे ती खरोखर भक्कम आहे. हा उलटा हिशेब झालाय तो ‘बौद्धिक संपदा’ या दोन शब्दांमुळे.

भारतात ‘बौद्धिक संपदा कायदा’ नावाचा एक कायदा नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, १९७० चा पेटंट कायदा आहे, १९९९ चा ट्रेडमार्क कायदा, त्याच वर्षीचा भौगोलिक निर्देशनाचा म्हणजे जीआयचा (एखाद्या प्रदेशाच्या खास मालाच्या नावाचा) कायदा, २००० चा डिझाइनचा आणि २००१ चा पिकांच्या वाणांचा. या सगळ्यांवर मिळून एक पाटी लावली जाते, एवढंच. आतला कारभार वेगवेगळा. कॉपीराइट लिहिलेल्या, रेखाटलेल्या, गायलेल्या, टिपलेल्या गोष्टीला असतो, निर्मितीबरोबर आपोआप येतो आणि लेखकाच्या बाबतीत त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन कुणीही छापू शकतं. पेटंट नव्या शोधाला मिळतं, तेही मागितलं आणि तपासणीत टिकलं तर, आणि वीस वर्षांत संपतं. ट्रेडमार्क नावाला किंवा खुणेला असतो आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं तर पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

संपदा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमीन येते. गट नंबर आहे, उताऱ्यावर नाव आहे, बांधाच्या आत पाय टाकला की अतिक्रमण. इथे असा एक सातबारा नसतो. त्यामुळे ‘आमची बौद्धिक संपदा चोरली’ हे वाक्य कुणी लिहिलं की पहिला प्रश्न विचारायचा तो असा: कोणत्या कायद्याखालचा हक्क, कोणत्या वस्तूवर, कुणाच्या नावावर, कधीपासून, नोंदणी क्रमांक काय? तुमच्या नोटिशीत ‘पेटंट’ आणि ‘कॉपीराइट’ एवढे शब्द आहेत, बाकी यातलं काहीही नाही. ‘चोरी’ हा शब्द मात्र आहे. भारतीय न्याय संहितेत चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू अप्रामाणिकपणे हलवणं. नाव वापरलं, नक्कल केली, तर तो वेगळ्या कायद्याखालचा वेगळा भंग असू शकतो आणि तो गंभीरही असू शकतो. पण तो त्या-त्या कायद्याच्या कसोटीवर सिद्ध करावा लागतो, नुसतं चोर म्हणून भागत नाही.

आता रेसिपी. नोटिशीत ‘पेटंट असलेली गुप्त रेसिपी’ असं लिहिलंय, आणि हे वाक्य स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतं. पेटंटचा सौदाच असा आहे की शोध जगासमोर उघड करायचा आणि त्या बदल्यात वीस वर्षांचा हक्क घ्यायचा. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी सरकारी जर्नलमध्ये छापला जातो, कुणीही वाचू शकतं. म्हणजे रेसिपीचं पेटंट असेल तर ती गुप्त नाही, आणि गुप्त असेल तर तिचं पेटंट नाही. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो, तुमच्या वकिलांना तो घ्यायला सांगा. मला वाटतं तिथे काही सापडणार नाही. त्याचं कारण कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे. नुसतं एकत्र मिसळल्यानं घटकांच्या मूळ गुणांची बेरीजच होत असेल तर त्या मिश्रणाला पेटंट नाही, आणि पारंपरिक ज्ञानालाही नाही. मिरची, कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, रामपत्री हे भाजून एकत्र कुटायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. उन्हाळ्यात डंकासमोर बायका रांगेत डबे घेऊन उभ्या असतात, प्रत्येकीचं प्रमाण वेगळं, कुणी संकेश्वरी जास्त घालते, कुणी ब्याडगी, कुणाला लवंगीचा ठसका लागतो. यातलं कुठलं प्रमाण उद्या सकाळपासून एका कारखान्याचं, असं कायदा म्हणत नाही.

हे आपण एकदा मोठ्या पातळीवर लढून जिंकलेलं आहे. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. जुने संस्कृत उल्लेख आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ सालचा लेख असे पुरावे मांडले गेले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण आजही लोक अभिमानाने म्हणतात, ‘हळदीचं पेटंट भारताला मिळालं.’ तसं झालेलं नाही. ते कुणालाच मिळालं नाही, आणि तोच विजय होता. जे सगळ्यांचं होतं ते सगळ्यांचं राहिलं. तुमच्या सासूबाईंचं प्रमाण त्याच जातीचं आहे.

कॉपीराइटही रेसिपीला वाचवत नाही. पाककृतीच्या पुस्तकातला मजकूर, त्यातली वर्णनं, फोटो यांना कॉपीराइट असतो. पण ते पुस्तक वाचून चटणी करणं आणि विकणं हा त्या मजकुराचा भंग नाही. कल्पनेला, पद्धतीला कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीला असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट सांगून ठेवलंय.

मग मालकांकडे रेसिपीबाबत काहीच नाही का? एक गोष्ट आहे, पण नोटिशीत तिचं नावही नाही. धंद्यातलं गुपित. त्यासाठी आपल्याकडे अजून स्वतंत्र कायदा नाही, विधी आयोगाने २०२४ च्या मार्चमधल्या २८९ व्या अहवालात तो करावा अशी शिफारस केली आहे. तोवर न्यायालयं करार आणि विश्वासभंग या तत्त्वांवर असे वाद बघतात. त्यात मालकांना दाखवावं लागेल की अमुक एक माहिती खरोखर गुपित होती, ती जपण्यासाठी त्यांनी काळजी घेतली होती, आणि तुम्ही ती विश्वासाने मिळाल्यावर उचलून वापरली. म्हणून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, ‘थोडं कारखान्यात शिकलेलं’ म्हणजे काय? मिरची किती भाजली की करपट वास येत नाही, खोबरं कधी घातलं की तेल सुटत नाही, कुटताना डंक कुठे थांबवायचा, हे तुमच्या हाताला बसलेलं कसब आहे. ते कुणी काढून घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. कारखान्याच्या कपाटात कुलपात ठेवलेला ग्रॅममधला तक्ता उतरवून आणला असेल, तर ती वेगळी गोष्ट. तुम्ही तसं लिहिलेलं नाही आणि माझा तुमच्यावर विश्वास आहे. तरीही सासूबाईंचं प्रमाण त्यांच्या सांगण्याप्रमाणे वहीत लिहून ठेवा, तारीख घाला, गटातल्या दोघींच्या सह्या घ्या.

नावाचा मुद्दा. ‘नावाचा कॉपीराइट’ असं काही नसतं. दोन-तीन शब्दांच्या नावाला ट्रेडमार्क असतो. वकिलाच्या नोटिशीतही ही गल्लत व्हावी याचं मला वाईट वाटतं, कारण समोरची व्यक्ती घाबरून शोधणार कॉपीराइट आणि तिथे काहीच नसणार. ट्रेडमार्क नोंदणीचा शोध ऑनलाइन आणि मोफत घेता येतो. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले आहेत, मसाले वर्ग ३० मध्ये येतात, तिथे त्यांचं नाव टाकून बघा. नोंदणी झालीय, की नुसता अर्ज पडून आहे, की काहीच नाही, हे दहा मिनिटांत कळेल. पाकिटावर ‘टीएम’ ही अक्षरं कुणीही छापू शकतं, गोलातल्या ‘आर’ची खूण मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना ती छापणं कायद्याला मान्य नाही.

नोंदणी असली तरी ‘कांदा-लसूण मसाला’, ‘घरगुती’, ‘कोल्हापुरी’ असे वर्णनाचे शब्द सहसा कुणा एकाच्या मालकीचे होत नाहीत. देवीच्या नावाबाबतही तसंच. ‘रामायण’ हे नाव उदबत्तीसाठी एकट्याला मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं. पण इथे जरा थांबा. प्रश्न फक्त नावाचा नसतो, गिऱ्हाइकाची फसगत होते का याचा असतो. दुकानात उभी असलेली घाईतली बाई तुमचं पाकीट त्यांचं समजून उचलेल का? नाव त्याच देवीचं, पाकीट लाल, वर पिवळा पट्टा, प्रिंटरही तोच. ताई, इथे मला तुमची काळजी वाटते. कोलगेटने अँकरविरुद्ध लाल-पांढऱ्या रंगसंगतीवरून दिल्ली उच्च न्यायालयात २००३ मध्ये मनाई मिळवली होती, नावं पूर्ण वेगळी असूनही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवला, एवढं दाखवता आलं तर ट्रेडमार्कची नोंदणी नसलेला मालकसुद्धा दावा करू शकतो.

म्हणून पाकीट बदला, आणि नोटिशीला उत्तर जाण्याच्या आधी बदला. रंग वेगळा, मांडणी वेगळी, अक्षरं वेगळी. नावापुढे तुमच्या गावाचं किंवा गटाचं नाव ठळक जोडा. जुनी छापलेली पाकिटं वाया जातील, तो खर्च सोसावा लागेल. तो दाव्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

फोटोंचं याहून सरळ आहे. मोबाइल तुमचा, बोट तुमचं, म्हणून फोटो तुमचे असं वाटणं साहजिक आहे. पण नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सहसा नोकरी देणारा असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये तसं आहे. कॉपीराइटला नोंदणी लागत नाही, त्यामुळे ‘त्यांनी कुठे रजिस्टर केलंय’ हा बचाव चालत नाही. आणि जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. म्हणजे पोलिसांची धमकी जिथे खरी होऊ शकते ती जागा रेसिपी नव्हे, ही आहे. आज संध्याकाळी ते सगळे फोटो काढून टाका, व्हॉट्सॲप कॅटलॉगमधूनही. तुमच्या अंगणात, तुमच्या सुपात मिरच्या ठेवून नवे काढा. काढून टाकण्याआधी काय होतं याची एक प्रत वकिलांसाठी ठेवा, पुरावा नष्ट केला असं कुणी म्हणायला नको.

‘फोटो साभार’ लिहिलं की भागतं, हा समज तर सगळीकडे पसरलाय. श्रेय देणं चांगलंच, पण श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. ज्यांना ‘बौद्धिक संपदा’ या शब्दाची सगळ्यात जास्त भीती वाटते तीच माणसं अनेकदा दुसऱ्याचा फोटो निर्धास्त वापरतात, कारण या शब्दातून नेमकं काय जपायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

नोंदवहीची पानं. ती वापरू नका. दुकानदार तुम्हाला ओळखतात, त्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहेत, बाजारात गेल्यावर त्यांना भेटणारच, याला कुणी हरकत घेऊ शकत नाही. पण वहीत कुणाला किती दराने, किती उधारीवर माल जातो हे असतं, आणि ते मालकांनी वर्षानुवर्षं उभं केलेलं आहे. या बाबतीत कायद्याच्या आधी माझं मनच मालकांच्या बाजूचं आहे. ही पानं तुमच्याकडे आहेत हे वकिलांपासून लपवू नका, त्यांचं काय करायचं ते त्यांच्या सल्ल्याने ठरवा.

स्टँपवरच्या सहीने तुमची झोप उडालीय असं दिसतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक आहे. धंद्याचा नावलौकिक विकत दिला असेल तर अपवाद, पण तुम्ही नोकरी करत होता, धंदा विकलेला नाही. नोकरी सुटल्यानंतरच्या अशा बंदीला आपली न्यायालयं, १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनीच्या निकालासकट, दाद देत आलेली नाहीत. शंभराचा असो की पाचशेचा, स्टँपमुळे निरर्थक अट सार्थ होत नाही. मात्र त्याच कागदात ‘गोपनीय माहिती उघड करणार नाही’ असं वाक्य असेल तर ते जिवंत असू शकतं. कागदाची प्रत तुमच्याकडे नसेल तर उत्तरात ती मागा.

आता कायद्याची एक बाजू जी नोटीस पाठवणारे कधी सांगत नाहीत. उगाच धमक्या देण्यावरही कायद्याने बंधन घातलेलं आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ६०, ट्रेडमार्क कायद्याचं कलम १४२ आणि पेटंट कायद्याचं कलम १०६, तिन्हींत तरतूद आहे की कुणी निराधार धमकी दिली तर ज्याला धमकी मिळाली तो न्यायालयात जाऊन ती निराधार असल्याचं जाहीर करून घेऊ शकतो, पुढच्या धमक्यांना मनाई मागू शकतो, नुकसान झालं असेल तर भरपाईही. समोरच्याने खरोखर दावा दाखल करून तो नेटाने चालवला तर कॉपीराइट आणि ट्रेडमार्कमधली ही वाट बंद होते. तुम्ही लगेच कोर्टात धाव घ्यावी असं मी म्हणत नाही. पण उत्तरात या कलमांचा उल्लेख असला की पुढचं पत्र मोजून-मापून येतं. शिवाय ट्रेडमार्कच्या प्रकरणात झडती-जप्तीसाठी पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. ‘उद्या पोलीस घेऊन येतो’ इतकं ते सोपं नाही.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तिथल्या वकिलांना कॅव्हेट दाखल करण्याबद्दलही विचारा. मालकांनी एकतर्फी मनाई मागितली तर तुमचं ऐकल्याशिवाय ती सहसा मिळू नये यासाठी ते नव्वद दिवस उपयोगी पडतं.

एजंटकडे वळते. पंचवीस हजारांत ‘सगळ्याचं कॉपीराइट-पेटंट’ हे वाक्य तुमच्या मालकांच्या नोटिशीइतकंच पोकळ आहे. एकाने ते घाबरवायला वापरलं, दुसरा विकायला वापरतोय. चटणीला पेटंट मिळणार नाही, त्याच्या नावाने घेतलेले पैसे पाण्यात. एफएसएसएआयचा म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना, उद्यम नोंदणी, शॉप ॲक्ट, यांतलं काहीही नावावर हक्क देत नाही, ते कुणी ‘नाव रजिस्टर झालं’ म्हणून सांगितलं तर मान्य करू नका. तुम्हाला खरोखर लागणारी गोष्ट एकच आहे, वर्ग ३० मध्ये ट्रेडमार्कचा अर्ज. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची सरकारी फी आजच्या घडीला ४,५०० रुपये आहे. त्यावर वकिलाची फी वेगळी, ती आधी विचारून घ्या. नवं पाकीट एखाद्या चित्रकाराकडून करून घेतलंत तर त्याच्याकडून हक्क लिहून घ्या, मग त्या चित्राला कॉपीराइट आपोआप आहेच. नोंदणी हवी असेल तर मालावर वापरल्या जाणाऱ्या चित्राची फी २,००० रुपये आहे, पण त्याची घाई नाही. पहिल्या दिवसापासूनची बिलं, प्रिंटरच्या पावत्या, जत्रेतल्या स्टॉलचे फोटो जपून ठेवा. नाव आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्यापेक्षा वरचढ ठरू शकतो. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या भांडणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच धरलं. हीच जपणूक उद्या तुमच्या नावाची कुणी नक्कल केली तर कामी येईल.

पाकिटावर ‘ब्याडगी मिरची’ छापणार असाल तर ती खरोखर ब्याडगीचीच असू द्या, त्या नावाला जीआय आहे. तुमच्या जिल्ह्यात जीआयवरून केवढा गोंधळ झाला ते तुम्ही पाहिलंच असेल. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी पायताणं दाखवली तेव्हा गावागावांत ‘आपलं पेटंट चोरलं’ अशी भाषा होती. राग रास्त होता, कारागिरांचं नावसुद्धा घेतलं गेलं नव्हतं. पण चपलेचं पेटंट कधी नव्हतंच. जीआय मुख्यतः नावाला आणि त्या नावामागच्या मुळाच्या हमीला जपतो, आणि प्राडाने ते नाव वापरलेलं नव्हतं. वकिलांनी केलेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली, कारण दाद मागण्याचा हक्क नोंद ज्यांच्या नावावर आहे त्यांचा. तो राग नेमक्या हक्काच्या, नेमक्या मागणीच्या रूपात पुढे गेला असता तर कारागिरांच्या पदरात लवकर काही पडलं असतं असं मला मनापासून वाटतं.

शेवटची बाब, जी तुम्ही विचारलेली नाही. ट्रेडमार्कचा अर्ज कुणाच्या नावाने करणार? तुमच्या एकटीच्या नावाने केलात तर उद्या सहा जणी म्हणतील, नाव आमच्या कष्टानं झालं. बचत गट म्हणून वेगळी कायदेशीर नोंद नसेल तर आधी सात जणींचं भागीदारीपत्र करा आणि अर्ज त्या भागीदारीच्या नावाने भरा. त्यात लिहा की एखादी बाहेर पडली तर नाव कुणाकडे राहील, आणि बाहेर पडणारीला स्वतःची चटणी करून विकायची मोकळीक असेल.